भित्तिचित्रावरील रेषा: भेगा की करवतीच्या खुणा?

धंतोलीकर (प्रश्न):
काही वर्षांपूर्वी नागपूरहून दिल्लीला गेलो असता राष्ट्रीय संग्रहालयात पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांनी मध्य आशियातून आणलेली बौद्ध भित्तिचित्रे पाहिली. तुर्फानजवळच्या बेझेक्लिक लेण्यांतील एका तुकड्यावर आडव्या-उभ्या रेषा होत्या. त्या जुन्या भिंतीला गेलेल्या भेगा असाव्यात, की चित्र काढून नेताना झालेले काप? चित्र भिंतीपासून वेगळे होतेच कसे?

कुंचला:
बहुतेक काप असावेत. भेग नागमोडी जाते, तिला फाटे फुटतात आणि ती चेहऱ्याचीही भीड ठेवत नाही. कापाची रुंदी मात्र बहुधा सारखी असते. बेझेक्लिक येथेच काम केलेल्या जर्मन मोहिमेतील आल्बर्ट फॉन ल कॉक यांनी आपली पद्धत लिहून ठेवली आहे. आधी धारदार सुरीने चित्राभोवती गिलाव्याच्या तळापर्यंत काप घ्यायचा, आणि तो चेहऱ्यावरून जाऊ नये म्हणून गरजेप्रमाणे वळवायचा. मग शेजारची भिंत फोडून करवतीला जागा करायची, चित्रावर नमदा लावलेली फळी दाबून धरायची आणि मागून करवत चालवून चित्र फळीसकट हळूच आडवे करायचे. हे वाचताना माझ्या तर अंगावर काटा येतो.

भंडाऱ्याचा:
कापता आले, कारण तो गिलावा मातीचा होता. तिथल्या मातीत उंटाचे शेण आणि बारीक कापलेले गवत असे. आमच्या गावच्या घरी भिंतीसाठी माती तुडवताना आजी त्यात कुटार आणि गाईचे शेण घालत असे, तेच हे तंत्र. अजिंठ्यातही मातीत धानाचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू आहेत, वर पांढरा पातळ लेप आणि त्यावर रंग. म्हणून अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतात ते मला पटत नाही: फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंगवतात, इथे सुकलेल्या पृष्ठावर चिकट द्रव्यात कालवलेला रंग आहे. असा रंग पाण्याला फार भितो.

कुंचला:
सहमत. एक भर घालतो. बेझेक्लिकची जी मोठी चित्रे बर्लिनला गेली, ती संग्रहालयाच्या भिंतींत पक्की बसवली होती. दुसऱ्या महायुद्धात ती हलवता आली नाहीत आणि बॉम्बहल्ल्यांत नष्ट झाली. स्टाइन यांच्या 1913 ते 1916 च्या मोहिमेतील चित्रे दिल्लीत आली आणि त्यांचे सहकारी एफ. एच. अँड्र्यूज यांनी कापलेल्या तुकड्यांना नवा आधार देऊन ते जोडले. तुम्ही पाहिलेल्या रेषा त्याच जोडकामातील सांधे असण्याचा संभव अधिक.

धंतोलीकर:
आभारी आहे. तेव्हा काढलेला फोटो आत्ता मोठा करून पाहिला. रेषा हनुवटीखालून वळते आणि कानामागून वर जाते. खाली जोडलेल्या हातांची दोन बोटे मात्र तिने मधोमध कापली आहेत.