जुन्नर सहल: तारीख बदलावी का?

ए-३०२ (सचिव): नमस्कार मंडळी. सहल जुन्नरला नक्की. १९ फेब्रुवारीची सुट्टी आहे, तोच दिवस धरू. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, खोडदची रेडिओ दुर्बीण. सकाळी सातला निघून रात्री नऊला परत.

बी-१०४: एक नंबर! आम्ही चौघे.

सी-२०१: सचिवसाहेब, माझं माहेर तिकडचं म्हणून बोलते, राग मानू नका. शिवजयंतीला गडावर ज्योत न्यायला गावोगावची पोरं रात्रीपासून आलेली असतात. तो दिवस त्यांचा. आपण म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन त्या गर्दीत कशाला शिरायचं? पुढचा-मागचा रविवार घ्या. आणि पाच ठिकाणं एका दिवसात म्हणजे जुन्नर बसच्या खिडकीतूनच बघायचं. चाकणच्या ट्रॅफिकमध्येच किती वेळ जाईल ते आधी बघा.

बी-१०४: वहिनी, नाणेघाट नको काढू हां! मला तो उलटा धबधबा बघायचाय.

सी-२०१: भाऊजी, तो पावसाळ्यात. फेब्रुवारीत तिथे सुलटासुद्धा नसतो.

डी-४०३ (नाना): धबधबा नसला तरी घाट बघण्यासारखा आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने वर जुन्नरला यायचा. वर जकातीचा दगडी रांजण आहे, गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. मी १९७८ साली पायी चढलो होतो. आता लेण्याद्रीच्या पायऱ्या तरी जमतील का, शंका आहे.

सी-२०१: नाना, डोली मिळते. पण वर जाच. गणपतीसमोरचा एवढा मोठा मंडप एकाच खडकातून कोरलाय, मध्ये एक खांब नाही. नाणेघाट मात्र जुन्नरपासून तीसेक किलोमीटर आत. यावेळी राहू द्या.

ए-१०२: सॉरी, पण तिकडे बिबटे आहेत ना? बातम्यांत सारखं येतं. मुलांना न्यायचं का?

सी-२०१: आहेत, खोटं कशाला सांगू. माझ्या लहानपणी एवढे नव्हते. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे अशी धरणं झाली, पाण्यामागे ऊस आला. उसात लपायला जागा, वस्तीवर कुत्री-शेळ्या, मग तो डोंगरात कशाला परत जाईल? मादी उसातच विते. तोड लागली की फडात पिल्लं सापडतात. दोन वर्षांपूर्वी दादाच्या वावरात सापडली, दोन. वनखात्याच्या माणसांनी टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून तिथेच बांधावर ठेवली आणि सगळ्यांना घरात पिटाळलं. रात्री आई येऊन घेऊन गेली. सकाळी क्रेट आडवं पडलेलं, रिकामं. वहिनीने धुऊन परत टोमॅटोला घेतलं! तेव्हा मुलांना जरूर न्या. फक्त अंधाराच्या आत हायवेला लागायचं, आणि "दोन मिनिटं थांबवा" म्हणून उसाच्या कडेला कोणी उतरायचं नाही. मोठ्यांनीही नाही.

ए-१०२: बापरे. ठीक आहे, मुलांचा हात सोडणार नाही.

बी-१०४: आणि खोडद? माझा मुलगा दुर्बिणीसाठीच येतोय.

ए-३०२ (सचिव): तिथे आधी परवानगी लागते म्हणे.

डी-४०३ (नाना): लागते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पण सगळ्या एका ठिकाणी नाहीत. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, त्या सुमारास प्रदर्शन भरतं. मुलाला तेव्हा वेगळं ने.

बी-३०१ (काकू): जेवणाचं काय? कुणीतरी मासवडी म्हणालं. आमच्याकडे मासे चालत नाहीत, आधीच सांगते.

सी-२०१: काकू, मासवडीत मासा नसतो! बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळी करतात, वड्या कापतात, सोबत झणझणीत रस्सा. रस्सा बेताने वाढून घ्या एवढंच.

ए-३०२ (सचिव): बरं. मग १९ रद्द. त्यानंतरचा पहिला रविवार, पहाटे साडेपाचला गेटवर. आधी शिवनेरी, मग लेण्याद्री, जेवण, वेळ उरला तर ओझर. चारला परतीला लागायचं. हरकत असेल तर आजच सांगा.

बी-३०१ (काकू): साडेपाच?? बरं. नारायणगावला टोमॅटो स्वस्त मिळतील ना?

सी-२०१: टोमॅटोचा हंगाम उन्हाळ्यात, काकू. आत्ता काळी द्राक्षं घ्या. पिशवी नको, खोका आणा, येईपर्यंत रस होईल.

बी-३०१ (काकू): सचिवसाहेब, बसची डिकी मोठी आहे ना?