रेस्टलेस लेग्जची प्रश्नावली: भाषांतर झालं, पुढे?
रेस्टलेस लेग्ज, म्हणजे पाय सारखे हलवावेसे वाटण्याचा आजार, ओळखायची इंग्रजी प्रश्नावली भाषांतरित केली, आणि उलट भाषांतर (म्हणजे ते परत इंग्रजीत केलेलं) मूळ इंग्रजीशी जुळलं की ती वापरायला तयार, असं काही जण म्हणतात. अहो, खरं काम तर तिथून पुढे! पाय हलवावेसे वाटणं, बसल्या-पडल्यावर वाढणं, चाललं की कमी होणं, संध्याकाळी-रात्री जास्त, आजार ओळखायच्या या चारही निकषांना पायात गोळे येणारा किंवा डायबेटिसने नसा बिघडलेला पेशंटही सरळ 'हो' म्हणून जातो. 2009 च्या एका अभ्यासात आजार नसलेल्यांपैकी 16 टक्के लोक चारही निकषांत बसले होते, आणि नंतर पाचवा निकष आला तो याचसाठी, की दुसरं कारण नाही ना ते बघा. आता हिशोब करा, 100 पैकी 5 जणांना खरंच आजार आहे असं धरलं तर उरलेल्या 95 मधले 16 टक्के, म्हणजे साधारण 15 जण उगाच पॉझिटिव्ह, म्हणजे 20 मध्ये खरे फक्त 5. म्हणून प्रश्नावलीत काय आलंय हे माहीत नसलेल्या डॉक्टरने वेगळी मुलाखत घेऊन ताडून बघायचं, आणि 'नाही' आलेल्यांपैकीही काहींना बोलवायचं, हे बरेच जण विसरतात. नुसता क्रॉनबॅक अल्फा हा आकडा छापून भागत नाही, तो प्रश्न आपसात जुळतात एवढंच सांगतो.