मीठ बदलल्यापासून रीफ टाकीतील प्रवाळ मरत आहेत : दोष नेमका कशात शोधावा?

प्रश्न : भीमाकाठचा_रीफ (सोलापूर)

नमस्कार. माझ्याकडे प्रवाळ आणि मासे असलेली चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंदी-उंचीची सागरी टाकी (रीफ टाकी) आहे. खाली गाळणीची वेगळी टाकी (संप) नाही, मागच्या बाजूला टांगलेला, फेसातून घाण काढणारा स्किमर आहे. समुद्राचे पाणी तयार करायचे नेहमीचे मीठ पुण्याच्या दुकानदाराकडे मिळेनासे झाल्यामुळे मार्चअखेरीस मी दुसऱ्या कंपनीचे मीठ मागवले. त्याच्या बादलीवर ते प्रवाळांच्या जलद वाढीसाठी असल्याचे छापलेले आहे. दर रविवारी 60 लिटर, म्हणजे टाकीच्या मापाने साधारण पाव पाणी बदलण्याचा माझा जुना क्रम मी तसाच चालू ठेवला.

पहिल्या बदलानंतर विशेष काही जाणवले नाही. पुढच्या बदलानंतर मात्र बर्ड्सनेस्ट या बारीक फांद्यांच्या प्रवाळाची टोके पांढरी पडली आणि मोंटिपोरा प्रवाळाची कड पातळ, पारदर्शक दिसू लागली. त्यानंतर हॅमर प्रवाळ दिवसभर आक्रसून राहू लागला आणि टॉर्च प्रवाळाच्या एका डोक्यावर तपकिरी, शेंबडासारखा थर येऊन ते डोके एका रात्रीत सांगाड्यावर आले. लेदर प्रवाळ मिटलेला असला तरी मेलेला नाही. झोआ प्रवाळ, मासे आणि काचेवरच्या गोगलगायी नेहमीसारख्याच आहेत.

सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) ती मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर 35, कॅल्शियम 430, नायट्रेट जेमतेम आणि फॉस्फेट शून्य येते. तापमान सकाळी 27, तर दुपारी 30 अंशांपर्यंत जाते. अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातील कार्बोनेटची मात्रा) मोजायचे किट संपले असून नवे मागवले आहे. कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचे दोन भागांतले डोसिंग (बाटलीतले द्रावण मोजून घालणे) पूर्वीच्याच मात्रेने चालू आहे. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येत असल्यामुळे ते साठवून, स्वयंपाकघरातील आरओमधून काढून मी मिठासाठी वापरतो आणि मीठ आदल्या दिवशी गच्चीवरच्या ड्रममध्ये घोळवून ठेवतो.

हे मीठ सदोष आहे असे समजून एकदम मोठा पाणीबदल करावा का, आणि जुने मीठ मिळेपर्यंत काय करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : खारट_प्रयोगशाळा (पुणे)

मोठा पाणीबदल तूर्त करू नका. मीठ सदोष असण्याची शक्यता मला कमी वाटते. ते वेगळ्या प्रकारचे असण्याची शक्यता बरीच जास्त आहे. नैसर्गिक समुद्राच्या पाण्याची अल्कलिनिटी 7 डीकेएचच्या (हे तिच्या मोजमापाचे एकक) आसपास असते. काही कंपन्या त्याच्या जवळपास, म्हणजे 7 ते 8 देणारे मीठ बनवतात, तर जलद वाढीच्या नावाने विकली जाणारी काही मिठे 35 सॅलिनिटीला 11 ते 12 किंवा त्याहूनही अधिक देतात. दोन्ही मिठे आपापल्या जागी ठीक असतात. अडचण येते ती एकावरून दुसऱ्यावर जाताना.

आता तुमचा हिशेब पाहू. काचेच्या मापाने तुमची टाकी 250 लिटरची भरते, परंतु दगड, वाळू आणि वरची रिकामी कड वजा केली तर प्रत्यक्ष पाणी 180 लिटर धरायला हरकत नाही. म्हणजे तुम्ही पाव नव्हे, तर एकतृतीयांश पाणी बदलत आहात. टाकी 8 वर होती आणि नवे मीठ 12 चे आहे असे समजा. पहिल्या बदलात अल्कलिनिटी 9.3, दुसऱ्यात 10.2 आणि तिसऱ्यात 10.8 होते. प्रवाळांचा रोजचा खप तुमचे डोसिंग आधीच भरून काढत असल्यामुळे ही वाढ उतरायला वावच राहत नाही. शिवाय दरवेळी ही उडी काही मिनिटांत बसते, आणि एका दिवसात 1 डीकेएचपेक्षा मोठा फरक, तोही फॉस्फेट शून्य असताना, बर्ड्सनेस्टसारख्या बारीक काटकीच्या प्रवाळांना सोसत नाही. अल्कलिनिटीमुळे सांगाडा वेगाने वाढू पाहतो आणि उपाशी ऊती त्याच्या बरोबरीने वाढू शकत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ते पूर्ण असो वा नसो, अल्कलिनिटी चढलेली आणि पोषकद्रव्ये शून्य असलेल्या टाक्यांत टोके जळणे वारंवार पाहायला मिळते.

मरण कोठून सुरू झाले, हे नीट पाहत जा. वाढती टोके पांढरी पडली तर आधी अल्कलिनिटीवर संशय घ्यावा. बुडापासून साल सुटत वर गेली तर कारण बहुधा जुने आणि हळूहळू साचलेले असते. मांस शाबूत राहून केवळ रंग उडाला असेल तर उष्णता किंवा प्रकाश तपासावा. टॉर्चवरचा तपकिरी थर हा स्वतंत्र संसर्ग आहे. अशक्त झालेल्या प्रवाळात तो शिरतो आणि शेजारच्या डोक्यांवर पसरतो, त्यामुळे तेवढे डोके आजच कापून वेगळे करा आणि थर पाण्यात विरघळू न देता नळीने ओढून बाहेर काढा.

किट आले की टाकीच्या आधी ड्रममधले ताजे पाणी मोजा. जुन्या मिठाचा तळाशी उरलेला चुरा असेल तर तोही एका लिटरमध्ये 35 ला घोळवून मोजा, म्हणजे तर्क करण्याची गरज उरणार नाही.

उत्तर : नीलजल (मुंबई)

वरील विवेचनाशी सहमत आहे, परंतु स्वयंपाकघरातील आरओकडे दुर्लक्ष होऊ नये. पिण्याच्या यंत्रांमध्ये चव यावी म्हणून मूळ पाण्याचा काही भाग परत मिसळणारा नियंत्रक असतो, आणि अलीकडच्या अनेक यंत्रांत तांबे सोडणारे कार्ट्रिजही असते. माणसाच्या दृष्टीने जे पथ्य, ते प्रवाळ आणि गोगलगायींच्या दृष्टीने विष आहे. गोगलगायी ठणठणीत असल्यामुळे तांब्याची शक्यता कमी वाटते, तरीही यंत्राचे झाकण उघडून खात्री करावी. शक्य झाल्यास नियंत्रकाच्या आधीच फाटा काढून त्यापुढे उरलेले क्षार शोषणारे डीआय रेझिन बसवावे आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य ठेवावा.

रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला लावला असेल तर त्याच्या 35 वर विसंबू नका. आयोडीन नसलेले शुद्ध मीठ 36.5 ग्रॅम आणि आरओ-डीआयचे पाणी 963.5 ग्रॅम एकत्र केले की त्या द्रावणाचा वाचनांक समुद्राच्या 35 इतका येतो. यंत्र त्यावरच लावावे.

उत्तर : दुपारचे_ऊन (जुळे सोलापूर)

आपल्या गावापुरते एक सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या मंडळींच्या ते सहसा लक्षात येत नाही. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या ड्रममध्ये मीठ रात्रभर ठेवू नये. पाणी तापले की त्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा साका तळाशी बसतो, पंपावर चुनखडीसारखी खरखरीत पुटे चढतात आणि त्या पाण्याची अल्कलिनिटी घसरते. मग एका रविवारी 12 चे पाणी जाते, तर दुसऱ्या रविवारी 9 चे. असा हेलकावा सततच्या 11 पेक्षा वाईट, असे माझे मत आहे. मीठ घरात, पहाटेच्या गारव्यात घोळवावे. पाण्यात मीठ टाकावे, मिठावर पाणी ओतू नये. आणि ते पूर्ण विरघळून पाणी निवळले की फार वेळ न ठेवता वापरावे. बादलीतील बारीक कण खाली बसतात, म्हणून वापरण्यापूर्वी ती आडवी करून लोळवावी.

दुपारच्या 30 अंशांवर चिलर परवडत नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर वारा बसेल असा छोटा पंखा लावा. आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळे बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. कोकणात याच पंख्याचा एवढा उपयोग होत नाही. उडालेले पाणी मात्र गोड्या पाण्यानेच भरावे.

प्रश्नकर्ता : भीमाकाठचा_रीफ

सर्वांचे आभार. किट काल मिळाले. घरात, सकाळी घोळवलेल्या नव्या मिठाच्या पाण्याची अल्कलिनिटी 12.3, जुन्या मिठाच्या चुऱ्याची 7.9 आणि टाकीची 10.6 आली. गच्चीवरच्या ड्रमच्या तळाशी खरोखरच पांढरा साका होता. आरओमध्ये तांब्याचे कार्ट्रिज नाही, मात्र नियंत्रक उघडा असल्यामुळे टीडीएस 70 येत होता. रिफ्रॅक्टोमीटर अर्ध्या अंकाने चुकत होता. टॉर्चचे ते डोके कापले असून उरलेली दोन डोकी आज संध्याकाळी थोडी फुगली आहेत. बर्ड्सनेस्ट वाचेल असे वाटत नाही.

उत्तर : खारट_प्रयोगशाळा (पुणे)

आकड्यांचा मेळ बसतो. अल्कलिनिटीच्या बाटलीचे डोसिंग आजपासून थांबवा, कॅल्शियमचे मोजून गरजेपुरते ठेवा, आणि टाकी आपल्या खपाने हळूहळू खाली येऊ द्या. आम्ल घालून ती उतरवण्याच्या फंदात पडू नका. दररोज एकाच वेळी मोजा, टाकी 8.5 वर आली की डोसिंग निम्म्या मात्रेने पुन्हा सुरू करा. पाणीबदल आठवड्याला 15 ते 18 लिटरच ठेवा, मग 12.3 चे मीठही दरवेळी जेमतेम 0.4 ने चढवेल आणि तेवढे टाकी पचवते. मासळीचा खुराक थोडा वाढवून फॉस्फेट 0.03 ते 0.05 पर्यंत येऊ द्या. बर्ड्सनेस्टची जी फांदी अजून रंग धरून आहे ती पांढऱ्या भागाच्या बरीच खाली, निरोगी भागात कापून वेगळ्या खडकावर चिकटवून ठेवा. त्या जागी नवे कठीण प्रवाळ सध्या घेऊ नका, आणि पुढे घ्याल तेव्हा आयातीची कागदपत्रे मागून घ्या, कारण कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा 1972 लागू होतो.