अनुभव धागा : घरातला रेल्वेवाला रिटायर झाला तेव्हा

शेवभाजी_तिखट (धागाकर्ती)

बाबा ३१ मे २००७ला रिटायर झाले. तारीख वाचून रेल्वेच्या घरातली मंडळी गालात हसली असतील. त्या पिढीतल्या कितीतरी पोरांना शाळेत घालताना गुरुजींनी जन्मतारीख म्हणून सरळ १ जून टाकली होती. एक तारखेचा जन्म असला की माणूस आदल्या दिवशीच सुटतो. त्यामुळे मे संपताना भुसावळात हारवाल्यांची दिवाळी.

बाबा क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन (इंजिनात कोळसा टाकणारा), मग ड्रायव्हर. इगतपुरी, बडनेरा, खंडवा. आम्हा भावंडांना ते कळले ते मुख्यतः कॉलबॉयमुळे. रात्री दीड-दोनला काठी दारावर वाजायची, बाबांच्या नावाचा पुकारा व्हायचा, कंदिलाच्या उजेडात वहीवर सही आणि वेळ. तोवर आईनं स्टोव्ह पेटवलेला असायचा. सकाळी शाळेला उठलो की बाबांची गादी गुंडाळलेली. परत यायचे तेव्हा दिवसा झोपायचे आणि आम्ही घरात चोरपावलांनी वावरायचो. गल्लीत क्रिकेट चाललं असलं की कुणाच्या तरी आईची हाक यायची, "पलीकडं जाऊन खेळा रे, काका नाईट करून आलेत."

रिटायर झाल्यावर बाबा पहिल्यांदा घरात राहायला आले असं मी म्हणते. आईला ते आवडत नाही, पण खोडूनही काढत नाही. पहिले सहा महिने त्यांना गहू कुठल्या डब्यात असतात तेही माहीत नव्हतं.

एक सवय मात्र अजून आहे. इंजिनात ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघांनीही सिग्नल बघून मोठ्यानं पुकारायचा असतो, हात वर करून. जळगावला जाताना बाबा माझ्या शेजारच्या सीटवर बसतात. चौकातला दिवा दिसला की त्यांचा उजवा हात वर जातो. "लाल." मी गप्प राहिले की माझ्याकडे बघतात आणि पुन्हा म्हणतात, जरा जोरात. मी "लाल" म्हटल्यावरच हात खाली. सुरुवातीला लाज वाटायची. आता मुलगा मागच्या सीटवरून पुकारतो.

तर लिहा. ड्रायव्हर, गार्ड, गँगमन, खलाशी, पॉइंट्समन, टीसी, कुणीही. फक्त "आमचे बाबा ग्रेट होते" एवढंच लिहून पळू नका, ते सगळ्यांचेच असतात.

घाटातला_धूर

आजोबा कसाऱ्याला बँकरवर होते. माहीत नसणाऱ्यांसाठी: कसारा ते इगतपुरी चढ १:३७चा, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलात की एक मीटर वर. पुढचं इंजिन एकटं ओढू शकत नाही, म्हणून मागून ढकलायला जास्तीची इंजिनं लावतात, ते बँकर. आजोबांच्या काळात तिथं लांब नाकाचं विजेचं इंजिन होतं, त्याला सगळे खेकडा म्हणत. उभं असलं तरी कण्हायचं म्हणे. आजोबा म्हातारपणी खुर्चीतून उठताना "आ‌ऽऽ" करायचे, तेव्हा आजी म्हणायची, "सुरू झाला खेकडा."

मी लहान होतो, यापलीकडं फार आठवत नाही.

खडीवरची_चप्पल

माझे आप्पा कीमन होते, दौंड-मनमाड लाइनवर. गँगच्या हद्दीतला रूळ रोज पायी बघायचा, रूळ धरून ठेवणारी चावी ढिली दिसली की ठोकायची. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवी झेंडी आणि फटाके. दिवाळीचे नव्हेत. रूळ तुटलेला दिसला तर गाडी येणाऱ्या दिशेला पळत सुटायचं, ६०० मीटरवर एक फटाका रुळावर बांधायचा आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन. चाक चढलं की धडाड आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. आम्ही भावंडं हे पाढ्यांसारखं म्हणायचो.

आप्पांवर ती वेळ सगळ्या नोकरीत दोनदा आली. एकदा डिसेंबरातली पहाट होती. थंडीनं रूळ आकसून वेल्डिंगच्या जागी तडकला होता, फट बोटभर. आप्पा त्या दिवशी नेहमीसारखे घरी आले, पाय धुतले, जेवले, झोपले. आईला कळलं ते पुढं बक्षिसाचा कागद आला तेव्हा, तोही मी वाचून दाखवला म्हणून. आई चिडली. "सांगायला काय झालं होतं?" तर म्हणाले, "गाडी थांबली ना. मग काय सांगायचं?"

त्यांच्याबरोबर बाजारात चालणं म्हणजे शिक्षा. किलोमीटरला १६६० स्लीपर (रुळाखालचे आडवे ठोकळे), म्हणजे दोन स्लीपरमध्ये साधारण दोन फूट. आयुष्यभर त्या मापात चालल्यामुळं त्यांचं पाऊल धड पूर्ण पडत नाही, धड अर्धं पडत नाही. सपाट डांबरी रस्त्यावरसुद्धा तेच माप, आणि मान खाली. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत आप्पा प्रत्येक ठिकाणी जमिनीकडं बघतायत. सासरच्यांना वाटलं, पोरीचा बाप नाराज आहे.

दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची कटकट असते. मशीनवर अंगठा उमटतच नाही, हातोड्यानं रेषाच पुसल्यात. बँकेतली मुलगी त्यांना ओल्या रुमालानं बोट पुसून पुसून लावायला सांगत होती आणि आप्पा ओशाळून हसत होते, जणू चूक त्यांचीच. आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतं. कुणाच्या घरी ही अडचण असेल तर तेच करा, रांगेत उभं करू नका.

उपमा_नको

सगळ्या मुली बापाबद्दल लिहितायत, मी बायको आहे. नवरा टीसी होता.

थोरली झाली तेव्हा हे वाराणसीच्या गाडीवर. धाकट्याला गोवर, हे गाडीवर. सासरे गेले तेव्हा निरोप पोचवायला कंट्रोलमधून (गाड्यांवर लक्ष ठेवणारं ऑफिस) पुढच्या स्टेशनला सांगावं लागलं. मी तक्रार केली नाही कारण करायची कुणाकडं? क्वार्टरच्या त्या ओळीत सगळ्यांचं हेच होतं. एकीच्या घरी डिलिव्हरी असली की बाकीच्या चार जणी आपोआप हजर. माझं माहेर म्हणजे त्या चार जणी.

लोक म्हणायचे, काय मज्जा, पास आहे, देश बघा. पास दरवर्षी निघायचे आणि दरवर्षी लॅप्स व्हायचे, कारण पास मिळाला तरी रजा मिळायची नाही. आम्ही काश्मीर बघितलं ते रिटायरमेंटनंतर, तेही टूरच्या बसमधून.

आता हे घरी असतात आणि माझ्या स्वयंपाकाची तिकीट तपासणी चालते. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, पोहे काल केले होते का. एकदा म्हणाले, "नाश्ता पंधरा मिनिटं लेट." मी म्हटलं, "चौकशी खिडकीवर विचारा." दोन दिवस बोलले नाहीत.

आणि एक. पेन्शनच्या कागदात माझी जन्मतारीख चुकली होती. दुरुस्त करायला एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. बायांनो, पीपीओवर (पेन्शनचा मुख्य कागद) आपलं नाव आणि तारीख नवरा हयात असतानाच तपासा. नंतर एकटीनं धावणं फार अवघड जातं.

लाइन_क्लिअर

मी स्वतः निवृत्त. असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून लागलो १९७२ला, सुटलो ३१ मे २०१२ला. (होय, गुरुजी.)

एकेरी लाइनवर काम केलं. पुढच्या स्टेशनानं परवानगी दिली की यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर येतो. तो ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडीनं पुढं जायचं नाही. न थांबणाऱ्या गाडीला तो रिंगच्या पिशवीत घालून धावताना द्यायचा. पावसात, रात्री, मशालीच्या उजेडात. अजून स्वप्न पडतं की गाडी आलीय आणि गोळा सापडत नाही. पाणी पितो, परत झोपतो.

लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ८ मे १९७४ला देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. वीस दिवस चालला. मी संपावर गेलो नाही. नोकरीला दोनच वर्षं झाली होती, घरात दोन बहिणी लग्नाच्या. शेजारचा पॉइंट्समन गेला. पोलीस रात्री क्वार्टरवर यायचे, तो ज्वारीच्या रिकाम्या शेतात झोपायचा. नोकरी गेली. नळ एकच होता. माझी आई आणि त्याची बायको एकामागं एक हंडा लावायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. आईनं एकदा डाळ पाठवली, ती वाटी तशीच उंबऱ्यावर परत आली.

१९७७ला सरकार बदललं, काढलेल्यांना परत घेतलं, तोही आला. आम्ही दोघं पुढं एकाच पाळीत काम केलं, एकाच डब्यातून जेवलो. बायकांचं शेवटपर्यंत जुळलं नाही. मी बरोबर होतो की चूक, मुलं विचारतात. मी विषय बदलतो.

चिवडा_बार्शीचा

कुर्डुवाडी वर्कशॉप, नॅरो गेज. बाबा फिटर. आमच्या घरात विकत आणलेला स्टूल नव्हता, अडकित्ता नव्हता, पाळण्याच्या कड्याही बाबांनीच घडवलेल्या. मिरज-लातूरचा छोटा रूळ उखडून मोठा झाला तेव्हा ते बघायला गेले नाहीत. पण एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी निघाली, तेव्हा टीव्हीसमोरून हलले नाहीत. दहा टँकरमध्ये पाच लाख लिटर. बाबा म्हणाले, "आमच्या गाडीला हे पेललं नसतं." एवढंच म्हणाले, आणि चहा मागितला.

उणे_तीस

मी कॅनडात, विनिपेगला. बाबा मालगाडीचे गार्ड होते, सोलापूर डिव्हिजन. गेल्या उन्हाळ्यात इथं आले होते. त्यांना धबधबा नको, मॉल नको. घरापासून चालत दहा मिनिटांवर फाटक आहे, रोज सकाळी तिथं जाऊन उभे. एक दिवस फारच लांब कंटेनरची गाडी आली. बाबा मोजत होते, ओठ हलत होते. १४२ला मध्ये ट्रक आला आणि आकडा चुकला.

शेवटचा डबा गेला आणि बाबा माझ्याकडं वळले. चेहरा उतरलेला. मागं गार्डचा डबा नाही, एलव्हीची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी नाही, काही नाही. नुसता एक लहान लुकलुकणारा दिवा. मी सांगितलं, इथं मागं माणूस नसतो, ते यंत्र इंजिनाला ब्रेकचा दाब कळवतं. तरी घरी येईपर्यंत तेच. "गाडी पूर्ण आली हे स्टेशनात कोण बघतं? मधेच तुटून चार डबे मागं राहिले तर?" रात्री जेवताना पुन्हा. बायको म्हणाली, बाबा, भात घ्या.

लाइन_क्लिअर

@उणे_तीस, एलव्हीची पाटी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मागच्या स्टेशनाला लाइन मोकळी दिली नसती, यंत्र काहीही म्हणो. बाबांना माझा नमस्कार सांगा. कुठल्या साली होते सोलापूरला? माझ्याकडून गाड्या गेल्या असतील त्यांच्या.