शब्दचर्चा : मायक्रोडिलीशनला मराठीत काय म्हणावं? आणि ते ‘आनुवंशिक’ असतं का?

मुक्ता : पालकांसाठी २२क्यू११.२ डिलीशनची, म्हणजे २२व्या गुणसूत्राचा बारीकसा तुकडा जन्मतःच नसण्याची, माहितीपत्रिका मराठीत करतेय. असा बारीक तुकडा नसणं म्हणजे मायक्रोडिलीशन; त्याला ‘सूक्ष्म-विलोपन’ लिहिलंय, पण ते घशाखाली उतरत नाही. आणि पहिल्याच ओळीत ‘हा एक आनुवंशिक आजार आहे’ असं आहे. चालेल?

जोडाक्षर : ‘विलोपन’ कशाला, सरळ ‘लोप’ म्हणा. गुणसूत्रलोप. वर्णलोप शाळेत शिकलेलाच असतो. पाणिनीची व्याख्याही इथे चपखल बसते : ‘अदर्शनं लोपः’, म्हणजे दिसेनासं होणं. गुणसूत्रांच्या साध्या तपासणीत हा तुकडा गेलेलाही खरोखरच दिसत नाही.

पेशीवाला : बरोबर. कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या त्या साध्या तपासणीत, साधारण ५० लाख बेस-जोड्यांहून (डीएनएच्या अक्षरजोड्यांहून) लहान तुकडा निसटतो. इथे बहुतेकांत जातात सुमारे ३० लाख. म्हणून फिश किंवा मायक्रोअ‍ॅरे ही जास्त बारकाईची तपासणी लागते. ‘रिपोर्ट नॉर्मल आलाय’ म्हणून निश्चिंत झालेली कुटुंबं असतात. कोणता रिपोर्ट, ते पत्रिकेत जरूर लिहा.

पण ‘आनुवंशिक’ आधी खोडा. ‘जनुकीय’ करा. दोन्ही शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि तिथेच घोळ होतो. घरात ‘आनुवंशिक’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : कुणाच्या घराण्यातून आलं? मग आजी सुनेच्या माहेरची वंशावळ काढून बसते. प्रत्यक्षात १० पैकी ९ मुलांच्या आईवडिलांत हा लोप नसतोच. २२व्या गुणसूत्रावर त्या जागी एकमेकांसारखे दिसणारे पट्टे आहेत. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना चुकीचे पट्टे समोरासमोर येतात आणि मधला भाग गळतो. खाणंपिणं, ग्रहण, गरोदरपणातलं भांडण, कशाचाही संबंध नाही.

मात्र ज्याच्यात लोप आहे त्याला मूल झालं, तर दर गरोदरपणात तो पुढे जाण्याची शक्यता ५० टक्के. तिथे ‘आनुवंशिक’ अगदी योग्य. काहींत लक्षणं इतकी सौम्य असतात की मुलाचं निदान झाल्यावरच आईचं किंवा वडिलांचं कळतं. म्हणून दोघांचीही तपासणी करतात.

जोडाक्षर : व्याकरणात लोप झालेला प्रत्ययही आपलं काम करून जातो. इथे तसं नाही ना?

पेशीवाला : नाही, इथे जोडीतल्या दुसऱ्या २२व्या गुणसूत्रावरची प्रत एकटी राबते. गळलेल्या तुकड्यातल्या चाळीसेक जनुकांपैकी काहींना ते पुरत नाही. म्हणून हृदय, टाळू, कॅल्शियम, मेंदू असा पसारा. वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळी लक्षणं पाहिली, म्हणून नावंही दोन पडली : डायजॉर्ज (१९६५) आणि व्हेलोकार्डिओफेशियल (१९७८) सिंड्रोम. जुन्या फायलींत ही नावं असतात, तीही द्या.

चिन्मयी : मी अशा मुलांसोबत काम करते. ‘मतिमंद’ कुठे असेल तर काढाच. बोलणं उशिरा येतं, पुढे वाचन बरं जमतं आणि गणितातली शाब्दिक उदाहरणं अडतात, असं खूप दिसतं. लक्ष टिकत नाही, चिंता फार, काहींत स्वमग्नता.

स्किझोफ्रेनियाबद्दल (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) ‘होतो’ लिहू नका, ‘होऊ शकतो’ लिहा. मोठेपणापर्यंत साधारण चौघांत एकाला होतो. हा धोका खूप मोठा आहे, लपवू नये. पण उरलेल्या तिघांचंही त्याच वाक्यात सांगा. आणि खुणा सांगा : मित्र तुटणं, मार्क घसरणं, झोप बिघडणं, उगाच संशय. ‘वयात आलाय, होतं असं’ म्हणून घरचे वर्ष घालवतात. अचानक चिडचिड किंवा घाबरणं वाढलं तर रक्तातलं कॅल्शियमही बघायचं. ते उतरलं की असंच दिसतं.

मुक्ता : मग पहिली ओळ अशी : ‘हा जनुकीय बदल आहे, बहुतेक वेळा तो आईवडिलांकडून आलेला नसतो.’ न्यूरोडेव्हलपमेंटसाठी ‘मेंदूची वाढ’?

चिन्मयी : ‘वाढ’ म्हटलं की लोक डोक्याचा घेर मोजतात. ‘मेंदूचा विकास’ लिहा.