[मंडळ-चर्चा] सॅलिनासच्या मुलांचा चेक कुणाच्या नावानं काढायचा?

प्रेषक: खजिनदार
मंडळी, गणपतीच्या देणगीतला शिक्षणाचा वाटा शुक्रवारच्या आत द्यायचाय. सॅलिनास या कॅलिफोर्नियातल्या शेतीच्या गावातल्या हायस्कूलच्या समुपदेशक बाईंनी शेतमजुरांच्या घरच्या पाच मुलांची नावं पाठवलीत, सगळी यंदा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. स्कॉलरशिप म्हणून चेक थेट कॉलेजच्या नावानं काढतोय, हिशोबाला सोपं पडतं. हरकत असेल तर उद्यापर्यंत सांगा.

प्रेषक: वहिनी (फ्रीमाँट)
भाऊजी, कृपया थांबा, चेक मुलांच्याच नावानं काढा. कॉलेजच्या नावाचा चेक मी काम करते तसल्या एड ऑफिसात, म्हणजे कॉलेजच्या आर्थिक मदत कचेरीत येतो आणि 'बाहेरची मदत' म्हणून मुलाला मिळणाऱ्या एकूण मदतीच्या हिशोबात चढतो. पेल ग्रँटला, म्हणजे गरजू मुलांच्या फेडरल अनुदानाला (2025-26 साठी जास्तीत जास्त 7,395 डॉलर) धक्का लागत नाही, पण कॉलेजचं स्वतःचं अनुदान किंवा वर्क-स्टडी (शिकता शिकता मिळणारं पगारी काम) कमी होऊ शकते. म्हणजे आपण दिलेले पैसे मुलाच्या हाती न पडता कॉलेजचेच वाचले. कॅलिफोर्नियात 2023-24 पासून एबी 288 हा कायदा लागू आहे. पेल मिळणाऱ्या मुलाची परत न करायची एकूण मदत शिक्षणाच्या एकूण खर्चाच्या वर जात नाही तोवर कॉलेजला स्वतःचं अनुदान कापता येत नाही. पण यादीतली शेवटची मुलगी ॲरिझोनात गेलीय, तिला हा कायदा नाही.

प्रेषक: आप्पा
शिक्षण समितीला न विचारता ही चर्चा इथे का चाललीय? लॅपटॉप द्यायचे असं समितीचं आधीच ठरलंय. रोख दिली की पैसे घरी जातात. शिवाय ही शेतमजुरांचीच मुलं आहेत हे कुणी तपासलंय का?

प्रेषक: वहिनी (फ्रीमाँट)
आप्पा, पाचही मुलं आपापल्या कॉलेजच्या 'कॅम्प' (CAMP) योजनेत आहेत. स्थलांतरित आणि हंगामी शेतमजुरांच्या घरच्यांसाठी फेडरल सरकारची ही योजना 1972 पासून चालू आहे. गेल्या 24 महिन्यांत निदान 75 दिवस शेतकाम केल्याचे कागद ते सहसा मागतात. आपण वेगळं काय तपासणार? आणि कॅम्पचा आधार पहिल्या वर्षापुरताच. 2026 च्या फेडरल बजेटच्या प्रस्तावात तर तो पार बंद करायचं म्हटलं होतं.

प्रेषक: भाऊ (सॅन होजे)
आप्पा, पैसे घरी गेले तर जाऊ द्यात. माझे आईबाप धारूरहून ऊस तोडायला, कोयत्याला जायचे. मुकादमाची उचल फिटली नाही की पुढचा हंगामही त्यालाच बांधलेला. माझ्या पहिल्या वर्षाच्या शिष्यवृत्तीतले पैसे त्या उचलीत गेले, म्हणून धाकटी बहीण फडावर न जाता शाळेत राहिली. ते पैसे वाया गेले असं म्हणायचं का?

दिवाळीत हॉस्टेलची मेस बंद, गावी घराला कुलूप आणि आईबाप कर्नाटकात. मग मीही फडावरच गेलो, मोळ्या बांधल्या. पाचटानं बोटं अशी चिरली होती की परतल्यावर प्रॅक्टिकलची वही भरताना पेन धरवत नव्हतं. सरांनी वही उशिरा दिली म्हणून मार्क कापले आणि मी काही बोललो नाही.

सॅलिनासचंही तेच आहे. लेट्यूसचं काम नोव्हेंबरात ॲरिझोनातल्या युमाला जातं ते मार्चपर्यंत, आणि त्यामागे माणसं. डिसेंबरात डॉर्म बंद झाले की या मुलांनी जायचं कुठे? लॅपटॉप बहुतेक कॉलेजं वापरायला देतात. बसचं तिकीट कुणी देत नाही.

प्रेषक: माई
भाऊ, आमची मागची खोली मोकळीच असते. डिसेंबरात दोघं राहू शकतील. फक्त घरात मांसाहार नाही, तेवढं आधी सांगा.

प्रेषक: नाना
माई, विचार चांगला आहे, पण मंडळाच्या नावानं कुणाला घरी ठेवायचं तर विम्याचं बघावं लागेल. गेल्या पिकनिकचं प्रकरण आठवतंय ना? ठेवायचं तर स्वतःच्या नावानं ठेवा.

प्रेषक: माई
स्वतःच्याच नावानं म्हणतेय, नाना. मंडळ मध्ये कुठून आलं?

प्रेषक: आप्पा
भाऊ, तुमचं पटलं, समितीतर्फे मी हरकत मागे घेतो. पण यापुढे नावं आधी आमच्याकडे यावीत. आणि चेक मुलांच्या नावानं गेले तर ऑडिटला काय दाखवायचं?

प्रेषक: वहिनी (फ्रीमाँट)
आप्पा, संस्थेला व्यक्तीला मदत देता येते. निवड कशी केली, कुणाला, किती आणि कशासाठी दिले याची नोंद ठेवायची, बस. मात्र मुलांनी ही मदत एड ऑफिसला कळवावी, लपवू नये. वर्क-स्टडी कापायला लागले तर आधी कर्ज कमी करा असं लेखी मागता येतं. अर्जाचा मजकूर मी आज रात्री पाठवते. ॲरिझोनाच्या मुलीशी तिच्या कॅम्पच्या बाई बोलल्याशिवाय तिचा चेक टाकू नका.

प्रेषक: खजिनदार
ठीक. चार चेक मुलांच्या नावानं, पाचवा वहिनींचा निरोप आल्यावर. नोंदीचा कागद आप्पांनी करावा. माई, खोलीचं समुपदेशक बाईंना तुम्हीच लिहा, नंबर वेगळा पाठवतो. युमाच्या बसचं भाडं कुणाला नक्की माहीत आहे का? रक्कम त्यावर ठरवतो.