भेव, थरार, दहशत: कोणता शब्द कुठं?

प्रश्न
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सातवीला मराठी शिकवते. सुटीवरच्या निबंधात एका पोरानं लिहिलं, "रातच्याला गोधडीत चौघांनी मोबाईलवर भुताचा पिच्चर पाहिला. लय भेव वाटलं. लय मज्जा आली." मी 'भेव'भोवती लाल गोल केला, वर 'भीती' लिहिलं आणि अडकले. दोन्ही वाक्यांच्या मध्ये 'पण' हवा ना? आणि ज्या भीतीची मजा वाटते तिला नेमकं म्हणायचं काय?

प्रतिसाद १
मॅडम, आधी तो लाल गोल खोडा. भेव हा भय आणि भीतीच्याच घरचा शब्द आहे. संस्कृत 'भी' धातूचं हे सगळं गोत: भित्रा, भीषण, इतकंच काय, आपला भीमसुद्धा. वऱ्हाडात 'मले भेव वाटते' असंच म्हणतात.

आणि 'पण' घालू नका. 'रोमांच' हा शब्दच पाहा. अंगावरचे केस उभे राहणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांत तो आहे, आणि तो कशानं येतो हे सांगताना भय, थंडी आणि हर्ष एकाच ओळीत आले आहेत. बोलीतला 'काटा' तसाच. रात्री मसणवट्यावरून येताना अंगावर काटा येतो, आणि खंजेरी भजनात सगळ्यांचा आवाज एकदम चढला की तोच काटा येतो. शरीराजवळ दोन वेगळे काटे नाहीत. घाबरलं की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते. धोका खोटा होता हे कळलं तरी धडधड लगेच उतरत नाही, आणि सुटल्याचा आनंद त्याच धडधडीवर स्वार होतो. म्हणून पोराची दोन वाक्यं लागोपाठच बरोबर आहेत.

प्रतिसाद २
याला ठेच्याची जोड देतो. डोळ्यांतून पाणी, नाक वाहतंय, तरी भाकरीचा पुढचा तुकडा ठेच्यालाच लागतो. पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं मिरची खाण्याचा अभ्यास करून हेच मांडलं: शरीर धोक्याची घंटा वाजवतं, मनाला मात्र ठाऊक असतं की काही होणार नाही. मजा त्या ठाऊक असण्यात आहे.

प्रतिसाद ३
मॅडम, माझं वावर राळेगाव तालुक्यात आहे. 'थरार' या शब्दावर मला बोलायचंच आहे. थरथरण्याच्या नादातून आलेला हा शब्द वाईट नाही. भुताच्या पिच्चरला तो शोभतो. पण २०१८ मध्ये टी-१ वाघीण आमच्या भागात होती. १३ माणसांचे बळी तिच्या नावावर सांगितले जात. कापूस बोंडातून लोंबत होता आणि वेचायला बाया येत नव्हत्या. रात्री पीक राखायला, जागलीला, एकटं कोणी जाईना. रोही, म्हणजे नीलगाई, पीक खाऊन गेले तरी धुऱ्यावर उभं राहायची हिंमत नव्हती. नोव्हेंबरात तिला गोळी घातली तोवर असंच चाललं. तेव्हा पेपरात 'वाघिणीचा थरार' असा मथळा वाचला आणि जीव जळला. थरार त्याचा, ज्याला मोबाईल उलटा ठेवून गोधडीत तोंड लपवता येतं. आमच्या भागात होती ती दहशत. बिबट्याच्या बातमीत आजही 'थरार' छापतात. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्यानं तो शब्द कसा वाचायचा?

प्रश्नकर्ती
भाऊ, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गोल खोडला, 'पण' घातला नाही, उलट भेवाखाली 'छान शब्द' असं लिहिलं. आज त्या पोराला विचारलं, "बाबासोबत जागलीला जातोस, तिथं भेव वाटते का रे?" थोडं थांबून म्हणाला, "तिथं भेव वाटते असं म्हणत नसतेत, मॅडम. चूप बसतेत."